‘ए’चं नाव ए, मग उच्चार ॲ का?

माझा भाचा या जूनमध्ये पहिलीत गेला. त्याच्या शाळेत इंग्रजी फोनिक्सने शिकवतात, म्हणजे आधी अक्षराचं नाव न सांगता त्याचा आवाज सांगतात. त्यामुळे तो घरी येऊन ‘ॲ, ब, क, ड’ म्हणायला लागला. आजीला ते पटेना. तिच्या मते हे ‘ए, बी, सी, डी’च असायला हवं. दोघं माझ्याकडे आले आणि भाच्याने विचारलं, “मावशी, त्याचं नाव ए आहे, मग तो ॲ असा का ओरडतो?”

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे गेली पंचवीसेक वर्षं सहा वर्षांची मुलं हा प्रश्न विचारत आली आहेत आणि आपण ‘इंग्रजी तशीच असते, पाठ कर’ म्हणून त्यांना गप्प करत आलो आहोत. मला हे उत्तर मनापासून नावडतं. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या मुलाला वाटतं की आपल्यालाच काही समजत नाही. या प्रश्नाला खरं उत्तर आहे, आणि मराठी माणसाला ते समजायला सोपं आहे.

एक सोय आधी करून घेऊ. या लेखात इंग्रजी अक्षराचं नाव अवतरणात दिलं आहे आणि आवाज मोकळा लिहिला आहे. म्हणजे ‘ए’ हे अक्षर, आणि ए हा आवाज.

पाच वाट्या, वीस जिन्नस

इंग्रजीत स्वरांची अक्षरं पाच: ‘ए’, ‘ई’, ‘आय’, ‘ओ’, ‘यू’. अधूनमधून ‘वाय’ मदतीला येतो. पण इंग्लंडमधल्या प्रमाण उच्चारात स्वरांचे आवाज मोजले तर ते वीसच्या आसपास भरतात. मिसळणाच्या डब्यात पाचच वाट्या आहेत आणि जिन्नस वीस. मग एका वाटीत तीन-चार पुड्या कोंबाव्या लागतात, किंवा दोन वाट्यांच्या मधल्या फटीत काही ठेवावं लागतं. ‘ई-ए’, ‘ओ-यू’, ‘ए-आय’ अशा जोड्या हे ते फटीत ठेवलेले जिन्नस.

हा डबा मुळात इंग्रजांचा नव्हताच. इ. स. ५९७ मध्ये रोमहून ख्रिस्ती धर्मप्रचारक इंग्लंडच्या केंट भागात आले आणि पुढे त्यांच्या लॅटिन लिपीत इंग्रजी लिहिली जाऊ लागली. लॅटिनमध्ये या पाच अक्षरांचे उच्चार अगदी सरळ होते: ‘ए’ म्हणजे आ, ‘ई’ म्हणजे ए, ‘आय’ म्हणजे ई, ‘ओ’ म्हणजे ओ, ‘यू’ म्हणजे ऊ. प्रत्येकाचं एक ऱ्हस्व रूप, एक दीर्घ. बस.

सुरुवातीची इंग्रजी बरीचशी लिहिल्यासारखीच वाचली जायची. जो आवाज लॅटिनमध्ये नव्हता त्यासाठी इंग्रज लेखनिकांनी जादा अक्षरही ठेवलं होतं. ‘ए’ आणि ‘ई’ एकमेकांना चिकटवून केलेलं एक अक्षर, नाव ॲश, उच्चार ॲ. म्हणजे माझा भाचा ज्या आवाजासाठी भांडत होता, त्याला हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत स्वतःचं घर होतं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, लिखाणाचं काम फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे गेलं, आणि पुढच्या दोनेक शतकांत ते अक्षर वापरातून गेलं.

पुण्याची दोन स्पेलिंगं

हे लॅटिन उच्चार आपल्याला परके नाहीत. व्हॉट्सॲपवर आपण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो तेव्हा ‘कुठे’मधल्या उ साठी ‘यू’ टाकतो, ठे साठी ‘ई’, ‘किती’साठी दोनदा ‘आय’. हे सगळे लॅटिन उच्चार आहेत. आजच्या इंग्रजी वाचनाच्या सवयीने ‘के-आय-टी-आय’ वाचलं तर पहिल्याच अक्षराला किटी की काइटी असा घोळ होईल.

पुण्याचंच बघा. इंग्रजांनी जुन्या काळी लिहिलं ‘पी-ओ-ओ-एन-ए’, कारण त्यांच्या कानाला पु ऐकू आला आणि त्यांच्या भाषेत ऊ म्हणजे दोन ‘ओ’. आज आपण ‘पी-यू-एन-ई’ लिहितो, म्हणजे लॅटिनप्रमाणे. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’ का, हाही प्रश्न अनेकांना पडतो. इंग्रजाने पं मधला अ ऐकला, आणि तो आवाज त्याच्या ‘कप’मध्ये ‘यू’ने लिहिला जायचा. म्हणून पंजाबला ‘यू’, पंडितला ‘यू’, बंगल्याला ‘यू’, लखनौच्या ल ला ‘यू’.

अठराव्या शतकाच्या शेवटी विल्यम जोन्स यांनी भारतीय शब्दांसाठी लॅटिन पद्धतीचे स्वर सुचवले. १८७०च्या दशकात विल्यम हंटर यांची पद्धत सरकारने स्वीकारली: व्यंजनं इंग्रजीसारखी, स्वर इटालियनसारखे. रुळलेली काही नावं मात्र तशीच राहू दिली. त्यामुळे आपल्या नकाशावर अजून दोन्ही पद्धती नांदतात, आणि आपण दोन्ही वाचतो, नकळत.

मग प्रश्न असा उरतो की सगळं युरोप ‘आय’ला ई म्हणत असताना इंग्रज आय का म्हणायला लागले?

वाड्यातली बिऱ्हाडं वर सरकली

डॉक्टर घसा तपासताना ‘आ करा’ म्हणतात, ‘ई करा’ म्हणत नाहीत. कारण आ म्हणताना जीभ सर्वांत खाली असते आणि तोंड सताड उघडं. ए म्हणताना जीभ थोडी वर येते, ई म्हणताना टाळूजवळ. मागच्या बाजूला तसंच: ऑ, मग ओ, मग ऊ. हळूहळू म्हणून पाहा: आ, ए, ई. हनुवटी आपोआप वर जाते.

आता तोंडाला एक वाडा समजा. तळमजल्यावर आ, मधल्या मजल्यावर ए आणि ओ, सर्वांत वर ई आणि ऊ. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांनी आपापली बिऱ्हाडं एकेक मजला वर हलवली. आ चा ए झाला. ए चा ई झाला. ओ चा ऊ झाला. पण सर्वांत वरच्या ई आणि ऊ ला वर जायला मजलाच नव्हता. ते फुटले आणि दुहेरी झाले. ई चा झाला आइ, ऊ चा झाला आउ. आधी वरच्यांनी जागा रिकामी केली की खालच्यांनी त्यांना ढकललं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. डॅनिश भाषातज्ज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या घडामोडीला १९०९ मध्ये ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असं नाव दिलं. आपण तिला स्वरांचं स्थलांतर म्हणू.

एकदा हे कळलं की ओळखीचे शब्द वेगळे दिसायला लागतात. ‘नेम’ हा शब्द सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज साधारण ‘नाम’ असा म्हणायचा, शेवटी एक हलका अ लावून. आपलं नाम आणि त्यांचं नेम ही एकाच घरातली भावंडं आहेत. स्थलांतरापूर्वी ती दिसायलाही सारखी होती. ‘माउस’ पूर्वी ‘मूस’ होता, आणि गणपतीच्या पायाशी बसलेला मूषक त्याचा सख्खा नातेवाईक. ‘टाइम’ होता ‘तीम’. ‘फूड’ होतं ‘फोड’, म्हणून तर त्यात दोन ‘ओ’ आहेत: लांब ओ लिहायचा तर दोन ‘ओ’ काढा, इतकं ते साधं होतं. ‘फीट’ होतं ‘फेट’, म्हणून दोन ‘ई’. लिहिणाऱ्याने सरळच लिहिलं होतं. आवाज त्याला सोडून पुढे गेला.

सगळी बिऱ्हाडं सगळीकडे हलली नाहीत. स्कॉटलंडमध्ये आजही अनेकांच्या बोलण्यात घर म्हणजे ‘हूस’ आणि गाय म्हणजे ‘कू’ ऐकू येते. आणि ‘ई-ए’ने लिहिलेले बहुतेक शब्द ई पर्यंत पोचले (‘मीट’, ‘सी’, ‘टी’), पण ‘ग्रेट’, ‘ब्रेक’ आणि ‘स्टेक’ हे तिघे ए वरच थांबले.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. अक्षराचं नाव म्हणजे त्याचा दीर्घ आवाज. ‘ए’चं नाव पूर्वी आ होतं, आ वर सरकला, ए झाला, तसं नावही बदललं. ‘ई’चं नाव ए होतं, ते ई झालं. ‘आय’चं नाव ई होतं, ते फुटून आय झालं. ऱ्हस्व स्वर मात्र या स्थलांतरात फारसे सामील झाले नाहीत. ते जुन्या जागेच्या आसपासच राहिले. म्हणून ‘आय’ हे अक्षर ‘बिट’मध्ये इ आहे आणि ‘बाइट’मध्ये आइ. एक गावात राहिलेला भाऊ, एक शहरात गेलेला, आडनाव तेच.

छापखाना मधेच आला

विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. त्या वेळी बिऱ्हाडं हलवण्याचं काम चालू होतं. लोक अर्ध्या जिन्यात होते आणि कोणी तरी त्यांचा फोटो काढला. पुढच्या दोनशे वर्षांत छापील स्पेलिंगं घट्ट होत गेली, आणि १७५५ मध्ये सॅम्युएल जॉन्सन यांचा मोठा शब्दकोश आला तेव्हा ती जवळजवळ आजच्यासारखी झाली होती. उच्चार पुढे चालत राहिले.

शेवटचा मुका ‘ई’ आणि आपला राम

‘नेम’च्या शेवटी ‘ई’ लिहायचा पण म्हणायचा नाही, हे मुलांना अन्यायाचं वाटतं. त्यांना विचारा, राम हा शब्द कसा लिहितोस? रा आणि म. म मध्ये अ आहे ना? मग तू ‘रामऽ’ का म्हणत नाहीस? संस्कृतात तो शेवटचा अ उच्चारला जातो. मराठीत तो गळून गेला, पण आपण म चा पाय मोडत नाही. घर, दार, बैल, झाड, सगळीकडे आपण एक न म्हटलेला अ लिहितो, आणि कुणाला तो खटकत नाही.

‘नेम’चा ‘ई’ अगदी असाच आहे. तो पूर्वी हलका अ म्हणून उच्चारला जायचा. गेला, पण लिखाणात राहिला. फरक इतकाच की इंग्रजीत त्याला पुढे एक नोकरी मिळाली: आधीचा स्वर दीर्घ आहे, हे सांगायची. ‘हॉप’ला शेवटी ‘ई’ लावा, ‘होप’ होतं. ‘मॅट’ला लावा, ‘मेट’. ‘कट’ला लावा, ‘क्यूट’. शाळेत याला मॅजिक ‘ई’ म्हणतात.

मग ‘हॅव’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’मध्ये हा ‘ई’ काम का करत नाही? कारण तिथे तो दुसऱ्याच कामाला आहे. जुन्या लिखाणात ‘यू’ आणि ‘व्ही’ हे एकच अक्षर होतं. शब्दाच्या शेवटी ते आलं तर उ वाचायचा की व, हे कळेना. म्हणून व ने संपणाऱ्या शब्दाला शेपूट म्हणून ‘ई’ लावायची पद्धत पडली. मुलाला हे एकदा सांगितलं की तीन अपवाद तीन राहत नाहीत, एक गट होतो.

पुट आणि बट

आता तो प्रसिद्ध प्रश्न. ‘पी-यू-टी’ पुट, तर ‘बी-यू-टी’ बट का?

पूर्वी दोन्ही उ होते: पुट आणि बुट. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ऱ्हस्व उ चा अ होऊ लागला. ‘कुप’चा ‘कप’, ‘बुट’चा ‘बट’. पण ज्या शब्दांत आधी ओठांनी म्हणायचं व्यंजन होतं, त्यातल्या बऱ्याच शब्दांत ओठांचा गोल आकार तसाच राहिला आणि उ वाचला: पुट, पुल, पुश, बुल, बुश, फुल. यादी करून पाहिली तर प, ब, फ हेच दिसतात. ‘बट’मध्ये ब असूनही उ टिकला नाही, म्हणजे हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण कारण दिसतं. उत्तर इंग्लंडमध्ये, लीड्स किंवा मँचेस्टरकडे, हा बदल पोचलाच नाही. तिथला माणूस आजही ‘कुप’ आणि ‘बुट’च्या जवळचं बोलतो, आणि त्याच्यासाठी पुट-बट हे कोडंच नाही.

‘फूड’, ‘गुड’, ‘ब्लड’ या तिन्हींत दोन ‘ओ’, तरी तीन उच्चार, त्याचंही कारण हेच. तिन्ही ओ होते, तिन्ही वर सरकून ऊ झाले. ‘ब्लड’ लवकर ऱ्हस्व झालं, म्हणून ‘कप’च्या टोळीत सापडून अ झालं. ‘गुड’ उशिरा ऱ्हस्व झालं, तोवर ती टोळी निघून गेली होती. ‘फूड’ ऱ्हस्व झालंच नाही.

‘लंडन’मध्ये पहिला ‘ओ’ अ का, तर तो मुळात ‘यू’ होता. जुन्या हस्ताक्षरात ‘यू’, ‘एन’, ‘एम’, ‘व्ही’ ही सगळी अक्षरं नुसत्या उभ्या दांड्यांची असायची. चार-पाच दांड्या ओळीने आल्या की कुठे काय संपतं ते कळत नसे. म्हणून अशा अक्षरांच्या शेजारी लेखनिक ‘यू’ऐवजी गोल ‘ओ’ काढू लागले. सन म्हणजे मुलगा, लव्ह, कम, मंक, वंडर, सगळे त्याच दांड्यांमुळे ‘ओ’ घेऊन बसले आहेत.

पण मराठी तर लिहितो तशीच वाचतो ना?

बरीचशी, हो. आपल्या लिपीचा मला अभिमान आहे. पण पूर्ण नाही. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला च एकच लिहितो, म्हणतो वेगळा. राम-घर आत्ताच पाहिलं. शब्दाच्या शेवटचा इ-उ आपण नियमाने दीर्घ लिहितो, बोलताना तितका लांबवत नाही.

आपण वेगळं केलं ते दुसरं. इंग्रजी शब्द मराठीत शिरले तेव्हा बॅट आणि बॉल यांतले स्वर आपल्याकडे नव्हते. आपण ॲ आणि ऑ ही चिन्हं वापरात आणली, आणि २००९ च्या शासन निर्णयाने त्यांना वर्णमालेत रीतसर जागाही दिली. इंग्रजीने गमावलेलं ॲ चं घर आपण बांधलं.

मग त्यांनी स्पेलिंगं सुधारली का नाहीत?

प्रयत्न झाले. अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी ‘कलर’मधला ‘यू’ काढला, तो टिकला. ‘टंग’ म्हणजे जीभ हा शब्द ‘टी-यू-एन-जी’ असा लिहावा असंही त्यांनी सुचवलं, ते कुणी ऐकलं नाही. १९०६ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशांवर सोप्या स्पेलिंगसाठी मंडळ निघालं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी सरकारी छापखान्याला ३०० सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम दिला. वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली, काँग्रेसने विरोध केला आणि वर्ष संपायच्या आत हुकूम मागे गेला.

आपल्याकडे हे जमलं. जुन्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ असं दिसतं. तो अनुस्वार कधीच उच्चारातून गेला होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी तो लिखाणातूनही काढला. एक महामंडळ होतं, एक राज्य होतं, पाठ्यपुस्तकं सरकारची होती. इंग्रजीला असं एक घर नाही. आणि सुधारायचं ते कुणाच्या उच्चाराप्रमाणे? आंघोळ लंडनमध्ये ‘बाथ’, मँचेस्टरमध्ये आणि अमेरिकेत ‘बॅथ’.

शिवाय जुन्या स्पेलिंगमध्ये एक गुण आहे, जो मला मनापासून आवडतो. आपण ‘फूल’ दीर्घ लिहितो आणि ‘फुलाचा’ ऱ्हस्व, कारण उच्चार बदलला की आपण अक्षर बदलतो. इंग्रजी अक्षर बदलत नाही. ‘नेशन’ आणि ‘नॅशनल’ यांत ‘ए’ तोच. ‘क्राइम’ आणि ‘क्रिमिनल’ यांत ‘आय’ तोच. कानाला ते लांबचे वाटतात, डोळ्याला नातं लगेच दिसतं.

ज्या स्वराला अक्षरच नाही

इंग्रजीत सर्वांत जास्त वापरला जाणारा स्वर कोणता? अ. आपल्या बाराखडीचा पहिला. त्याला तिकडे श्वा म्हणतात, आणि त्याला स्वतःचं अक्षर नाही. इंग्रजीत शब्दाच्या एका भागावर जोर दिला की बाकीचे भाग विझतात, आणि विझलेला स्वर कुठल्याही अक्षराने लिहिलेला असो, अ होतो. ‘बनाना’त तीन ‘ए’ आहेत. जोर मधल्यावर, म्हणून पहिला आणि तिसरा फक्त अ. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर, तर ‘फटॉग्रफी’त दुसऱ्यावर, आणि पहिला ओ विझून जातो. स्पेलिंग चुकतात ती मुख्यतः इथे, कारण कानाला अ शिवाय काही मिळत नाही. अशा शब्दाचं दुसरं रूप आठवावं: ‘फटॉग्रफी’च्या फ मागे ‘ओ’ आहे, हे ‘फोटो’ सांगतो.

आपली अडचण याच्या उलटी आहे. आपण काहीच विझवत नाही, आणि काही जोड्या एकत्र करतो. परीक्षा ती टेस्ट आणि चव तीही टेस्ट. लेखणी पेन, दुखणं पेन. इंग्रजीत परीक्षेचा ए आखूड आहे आणि चवीचा ए सुटताना इ कडे झुकतो: टे-इस्ट. स्पेलिंगमध्ये हा फरक स्पष्ट आहे. चवीच्या शब्दात ‘ए’ आहे, शेवटी मॅजिक ‘ई’ आहे. परीक्षेच्या शब्दात नुसता ‘ई’. आपला उच्चार चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आपला सरळ ए स्कॉटलंडमध्येही ऐकू येतो. पण या जोड्या मुलांना एकदा मोठ्याने ऐकवायला हव्यात, नाहीतर श्रुतलेखनात त्यांना अंदाजच करावा लागतो.

परवा भाच्याने वहीत दोन्ही शब्द लिहिले, चवीच्या शब्दापुढे लाडू काढला, आणि आजीला वाचून दाखवलं: टे-इस्ट, टेस्ट. तिने त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग वही स्वतःकडे ओढली, चष्मा लावला, आणि लाडवावर बोट ठेवून हळूच म्हणून पाहिलं.